उधारीच्या वहीची मागची पानं

शिळफाटा म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठला, ठाण्याकडचा?" नाही हो. आमचा खोपोलीचा. बोरघाट उतरून आलेले ट्रक जिथे घटकाभर टेकायचे, तापलेल्या ब्रेकचा जळका वास निवू द्यायचे, आणि घाट चढायला निघालेले रेडिएटरात पाणी ओतून घ्यायचे, तो शिळफाटा. एक्स्प्रेस वे व्हायच्या आधीचा.

तिथे आमच्या आबांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, चार बाकडी, एक काचेचं कपाट आणि मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. कपाटात शेव, चिवडा आणि पाव. कपाटावर रेडिओ. त्यावर आजीनं शिवलेलं फुलाफुलांचं झालर लावलेलं कापड, कारण तळणाचा धूर बसून त्याची जाळी काळी व्हायची. आबा गाडीवाल्यांना उधारी द्यायचे, पण रेडिओच्या बटणाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आबा गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती, आणि हॉटेल तर त्याच्याही आधी बंद पडलं होतं. घर आवरताना माळ्यावर उधारीची वही सापडली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कोपरे उंदरांनी खाल्लेले. पुढून उघडली तर गाड्यांचे नंबर, "चा 4, भजी 2, बिडी 1 बंडल." उलटी करून मागून उघडली तर गाणी. आबांनी पट्टी लावून तीन रकाने आखले होते: गाणं, गाणारा, चाल लावणारा. सगळं शाईनं, आणि सगळं छातीठोक.

त्यातलं निम्मं चूक आहे, हे कळायला मला पुढची कैक वर्षं लागली.

आबांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण पोरसवदा वयात ते गिरगावातल्या एका हॉटेलात कपबशा विसळायला होते. तिथे ते चहा करायला शिकले आणि गाणी ऐकायलाही. 'महल' सिनेमा आला तेव्हा, म्हणजे 1949 साली, त्यांनी तो तीनदा पाहिला की पाच वेळा, हा आकडा सांगताना दर वेळी बदलायचा. 'आयेगा आनेवाला' हे त्यातलं गाणं. वहीत पहिल्याच ओळीवर ते आहे आणि गाणाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "कामिनी." पुढे कंसात, वेगळ्या शाईत, "म्हणजे लताबाई."

लहानपणी मला वाटायचं, आबांनी थाप मारली. पण ते खरंच तसं होतं. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नावच नव्हतं. पडद्यावर मधुबाला जी भूमिका करत होती त्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलं होतं. रेडिओवर गाणं लागलं आणि लोकांची पत्रं सुरू झाली, ही कामिनी कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. आबा म्हणायचे, "मी पण पत्र धाडलं हुतं." पोस्टकार्डाचे पैसे त्यांच्याकडे होते का, कुणास ठाऊक. पण या एका प्रकरणानं त्यांच्या मनात पक्कं बसलं की रेकॉर्डवर काहीपण छापतात. त्यावर इसवास ठेवायचा नाही, आपल्या कानावर ठेवायचा. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

विजेचं सांगायचं राहिलं. खोपोलीला टाटांचं वीजघर 1915 सालचं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी डोंगरावरून नळांतून खाली यायचं, आमच्या उशाशी वीज तयार व्हायची आणि तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना जायची. आमच्याकडे मात्र कंदील. आजी कर्जतकडची. ती लहान असताना, बेचाळीसच्या साली, भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं त्या तारांचे मनोरे पाडले होते. आजी सांगायची की एका रात्री तिच्या घरी चार अनोळखी माणसं भाकरी खाऊन गेली आणि सकाळी आवई उठली की मुंबईचा उजेड गेला. ती माणसं दस्त्यातली होती की रानातून येणारे लाकूडवाले, हे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. 2 जानेवारी 1943 ला कोतवाल सिद्धगडावर मारले गेले, तो दिवस मात्र तिच्या माहेरी सुतकासारखा पाळत. मी हे मध्येच का सांगतेय? तर आमच्याकडे वीज आली तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, "आली बाई मुंबैवरनं परत." आणि विजेबरोबर तो मोठा रेडिओ आला. तोवर बॅटरीवरचा होता. लायसनाची पुस्तिका पोस्टातली, ती देवांच्या फोटोमागे असायची.

पहाटे अंधारातच रेडिओ लागायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आकाशवाणीची ती धून, मागे तंबोरा आणि वर व्हायोलिन. आजी त्या धुनेवर चूल पेटवायची. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, धून म्हणजेच तिचं घड्याळ. वहीत आबांनी तिलाही जागा दिली आहे: "सकाळची धून. चाल: कुणी बनारसचे पंडित."

बनारस कुठलं! ती रचना वॉल्टर कॉफमन यांची. बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा, म्हणजे आजच्या चेक देशातला ज्यू माणूस. हिटलरची सावली युरोपवर पडली तेव्हा, 1934 साली तो मुंबईला आला. पुढे ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यानं सांभाळला. आपलं संगीत सुरुवातीला त्याला अजिबात कळेना. न कळणारी गोष्ट टाकून द्यायच्या ऐवजी तो ती शिकत बसला आणि शिवरंजनीच्या सुरांची ही धून करून गेला. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवलं असं सांगतात, झुबीन मेहतांचे वडील. 1946 साली कॉफमन इथून गेला आणि शेवटी अमेरिकेत शिकवत राहिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि बराच वेळ मला आमच्या चुलीचा धूर दिसत राहिला. देशोधडीला लागलेल्या एका माणसाच्या सुरावर माझी आजी पन्नासेक वर्षं पहिली काडी ओढत होती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

आमच्या हॉटेलाला लागून लोहाराचा भाता होता. ट्रकच्या कमानी तुटल्या की तिथे यायच्या. 'ऐरणीच्या देवा' लागलं की लोहारकाका घण खाली ठेवून ओरडायचे, "आबा, आवाज वाढवा, आमचं लागलंय!" गाणं संपेपर्यंत भाता बंद. त्या गाण्याच्या चालीच्या रकान्यात 'आनंदघन' हे नाव बरोबर आहे, पण आबांनी पुढे आपली भर घातलीय: "कोल्हापूरकडचे कुणी बुवा असावेत. भजनी." आबांच्या डोळ्यांसमोर आनंदघन म्हणजे कपाळाला बुक्का लावलेला, मांडीवर पखवाज घेतलेला माणूस असणार.

आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्यांनी या नावानं संगीत दिलं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', मग 1965 चा 'साधी माणसं', आणि 'तांबडी माती'. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला, समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं, आणि श्रोत्यांत बसलेल्या लताबाईंकडे माना वळल्या, असा किस्सा सांगतात. शब्द जगदीश खेबुडकरांचे, पेशानं शिक्षक. म्हणजे आमच्या लोहारकाकांचं 'आमचं' गाणं लिहिलं एका मास्तरांनी, चाल लावली एका बाईनं, आणि गायलंही तिनंच. आबांनी बाकी सगळ्या गाण्यांत लताबाईंना ओळखलं, इथे गाणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं सुद्धा, आणि शेजारच्याच रकान्यात त्या बुवा होऊन बसल्या होत्या.

आजीचं आणि लावणीचं वाकडं. 'रेशमाच्या रेघांनी' लागलं की ती पदर खोचून मागच्या दारात जायची. "मेले पुरुष, बायकांच्या तोंडी कायबाय घालतात." आता बघा गंमत. ती लावणी 'मराठा तितुका मेळवावा'तली. गायल्या आशा भोसले. चाल त्याच आनंदघनांची. आणि लिहिली कुणी, तर शान्ता शेळक्यांनी, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, डोक्यावर पदर घेतलेल्या शान्ताबाईंनी. त्या रेघांच्या आसपास एकही मेला पुरुष नव्हता! आजीला हे सांगता आलं असतं तर तिनं आधी कानाला हात लावले असते, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना हळूच गुणगुणून बघितलं असतं, अशी माझी खात्री आहे.

शान्ताबाईंनीच लिहिलेलं 'मी डोलकर'. पेणकडून मिठाच्या आणि सुकटीच्या गाड्या यायच्या, त्यांतले आगरी गडी हे गाणं लागलं की बाकड्यावर ताल धरायचे. त्यातला एकजण दरवेळी सांगायचा, "यो गानारा आमचेच आलीचा हाय. आवाज वलखीचा हाय." त्याच्या भरवशावर आबांनी रकान्यात लिहिलं, "लताबाई आणि पेणचा कुणी." तो पेणचा कुणी म्हणजे हेमंतकुमार मुखोपाध्याय, अस्सल बंगाली. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. समुद्र अंगात मुरलेला आवाज त्यांना बंगालहून आणावासा वाटला, आणि मला तरी तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तोच प्रकार मोहम्मद रफींच्या 'अगं पोरी संभाल'चा. आमच्याकडच्या हळदीत त्याच्याशिवाय नवरा बोहल्यावर चढत नसे. शब्द वंदना विटणकरांचे, संगीत श्रीकांत ठाकरे यांचं. हा आवाज पंजाबातून आलेल्या माणसाचा आहे, हे हळदीत नाचणाऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग काय झालं, नाच तू.

हळदीवरून आठवलं. बँडवाल्यांची पुंगी. 'नागिन'ची. दोन माणसं जमिनीवर लोळायची, एक तोंडात रुमाल धरून पुंगीवाला व्हायचा. आमच्याकडे एक कातकरी म्हातारा साप धरायला यायचा. तो चहा पिता पिता म्हणायचा, "ती पुंगी खोटी हाय. साप बाय, ऐकत नाय." सगळे त्याला हसायचे. खरं तर पुंगीच्या बाबतीत त्याचंच बरोबर होतं. 1954 च्या त्या 'नागिन'मध्ये पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं परदेशी वाद्य होतं, आणि ते वाजवलं होतं कल्याणजींनी, पुढच्या कल्याणजी-आनंदजींपैकी थोरल्यानं. संगीतकार कोण? हेमंतकुमार. तोच तो पेणचा!

काही नोंदी बारीकसारीक आहेत. 'कभी तनहाइयों में यूँ'च्या चालीपुढे "स्नेहलबाई" असं आदरानं लिहिलंय. स्नेहल भाटकर हे वासुदेव भाटकर, लेकीचं नाव लावलेले. दादा कोंडक्यांच्या गाण्यांपुढे "राम आणि लक्ष्मण, सख्खे भाऊ." भाऊ नव्हतेच. दोघे जोडीदार होते, त्यातले राम म्हणजे सुरेंद्र लवकर वारले आणि विजय पाटील यांनी एकट्यानं दोन्ही नावं शेवटपर्यंत सांभाळली. जोडीदार गेल्यावर पाटीवरचं त्याचं नाव पुसायचं नाही, ही गोष्ट आबांना फार पटली असती. आमच्या हॉटेलाला पाटी नव्हती ती गोष्ट वेगळी.

आता ती पैज.

साल 1986 असावं, मी सातेक वर्षांची. आषाढातली रात्र, घाटात दरड आलेली, गाड्यांची रांग पार लांबवर. हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही. आजी मागे परातभर पीठ कालवत होती. कांदे संपले. तेव्हा कोपरगावकडचा एक ड्रायव्हर उठला, त्याची गाडीच कांद्याची होती. ताडपत्री वर करून त्यानं ओंजळभर कांदे आणले आणि म्हणाला, "कांदा माझा, भजी तुमची." रेडिओवर छायागीत चाललं होतं. 'कितना हसीं है मौसम' लागलं. आबा डोळे मिटून म्हणाले, "वा! तलत."

ड्रायव्हर म्हणाला, "तलत नाय, आबा. आमचा अण्णा हाय तो. पुणतांब्याचा. चाल बी त्याचीच अन् गळा बी त्याचाच."

"सी. रामचंद्र? अरे, त्याचा आवाज 'अलबेला'तला, धांगडधिंग्याचा. हा बघ कसा मऊ, कापरा."

"लावा पैज. हरलात तर एक प्लेट भजी फुकट."

"आन तू हरलास तर कांद्याची गोण."

सगळे हसले, कारण पैज कुठल्या बाजारात बसणारी नव्हती. गाणं संपलं. निवेदिका नावं सांगू लागली, सगळे कान टवकारून बसले, आणि नेमकी तेव्हाच कर्नाळ्याच्या बाजूला वीज कडाडली. रेडिओत नुसती खरखर. खरखर थांबली तेव्हा पुढचं गाणं सुरू झालं होतं. पहाटे रस्ता मोकळा झाला. भज्यांचे पैसे ड्रायव्हरनं बाकड्यावर ठेवले, आबांनी ते मोजून घेतले. तो माणूस पुन्हा कधी आला की नाही, मला आठवत नाही.

कॉलेजला असताना एका मैत्रिणीच्या घरी त्या गाण्याची, 'आझाद' सिनेमाची रेकॉर्ड बघायला मिळाली. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: लता मंगेशकर, चितळकर. रामचंद्र नरहर चितळकर चाल लावताना सी. रामचंद्र असायचे, गाताना नुसते चितळकर. 1955 च्या या गाण्यात त्यांनी आवाज इतका हळुवार लावलाय की भलेभले आजही तलत म्हणून शपथ घेतात. सुट्टीत घरी आल्यावर मी आबांना सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "रेकॉर्डवर काय, कामिनी पण छापलंवतं." विषय संपला. वहीत त्या गाण्यापुढे आजही 'तलत'च आहे, खोडलेलं नाही.

वहीतलं शेवटून दुसरं गाणं 'निंबोणीच्या झाडामागे'. हे बघून मी चमकले. कारण ते रेडिओवरचं गाणं आहे हेच मला मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते आजीचं होतं. मागच्या खोलीत, ट्रकचे हॉर्न आणि कढईचं चुरचुरणं यांच्या वर आवाज काढून ती ते म्हणायची. मधले शब्द तिला यायचे नाहीत, तिथे ती आम्हा नातवंडांची नावं घालायची, जो झोपत नसेल त्याचं दोनदा. आजी धवलारीण होती, लग्नात धवले म्हणायला तिला गावोगाव बोलवत. तिच्या धवल्यांना कवी नव्हता, संगीतकार नव्हता. मला वाटायचं हेही त्यातलंच, तिच्या माहेरून, तिच्या आजीकडून आलेलं.

ते गाणं 1977 च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई'मधलं निघालं. म्हणजे माझ्या जन्माच्या जेमतेम दोन वर्षं आधीचं. आजीनं ते कपाटावरच्या रेडिओवरूनच उचललं होतं. शब्द मधुसूदन कालेलकरांचे. चाल एन. दत्ता यांची, म्हणजे दत्ता नाईक, गोव्याचे, साहिरच्या धगधगत्या शब्दांना चाली लावणारे. आवाज सुमन कल्याणपूर यांचा. ढाक्यात जन्मलेल्या या बाईंची कितीतरी हिंदी गाणी लोक अजून लताबाईंची म्हणून ऐकतात, 'ना तुम हमें जानो' घ्या. आबाही फसले असणार, असं धरून मी बोट पुढच्या रकान्याकडे नेलं.

चाल लावणाऱ्याचा रकाना रिकामा होता. गाणाऱ्याच्या रकान्यात आबांनी लिहिलं होतं, "घरची."

मी पेन्सिल घेऊन बसले होते. कॉफमन लिहिला, हेमंतकुमार लिहिला, बुवांच्या शेजारी लताबाई लिहिल्या. इथे चालीच्या रकान्यात एन. दत्ता लिहिलं. शेजारच्या रकान्याला हात लावला नाही.

मग वही उलटी केली, सहज, पुढच्या बाजूनं पानं चाळत बसले. उधारीत सगळीकडे एकच शब्द, येणे, येणे, येणे. बुडालेली येणी, कुणाकुणाची. एका पानाच्या तळाशी, थरथरत्या म्हातारपणच्या अक्षरात, एवढी एकच नोंद वेगळी होती. तारीख नाही, गाडीचा नंबर नाही.

"कोपरगाववाला. कांदाभजी 1 प्लेट. देणे."